राजेशाही डब्यांचा मालक : जॉर्ज पुलमन

रेल्वेचा रात्रीचा प्रवास आपल्या मंडळींना नवा नाही. नोकरीधंद्यासाठी महाराष्ट्र सोडून आलेल्या माणसाच्या वर्षातल्या दोन-चार रात्री तरी गाडीतच जातात. मधला बर्थ उचलून साखळीला अडकवला की झोपायची सोय होते, आणि वातानुकूलित डब्यात असलो तर चादर, उशी, कांबळे घेऊन अटेंडंट हजर होतो. हे सगळे आपण आता गृहीत धरून चालतो. परंतु रात्रभर सुखाने झोपता यावे म्हणून प्रवासी तिकिटावर वेगळे पैसे मोजायला तयार असतो, हे ओळखून त्यावर प्रचंड धंदा उभा करणारा माणूस दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव जॉर्ज मॉर्टिमर पुलमन.

आम्हा रेल्वेवाल्यांना पुलमन माहीत असतो तो त्याच्या डब्यांमुळे. पण त्याच्या चरित्रात डब्यांइतकेच शिकण्यासारखे आहे ते त्याने वसवलेल्या गावात आणि त्याच्याकडे राबलेल्या माणसांच्या हकीकतीत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला आहे.

घरे उचलणारा कंत्राटदार

पुलमनचा जन्म ३ मार्च १८३१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉक्टन या गावी झाला. वडील सुतार. पण त्यांचा आणखी एक उद्योग होता, तो म्हणजे उभी घरे जागेवरून हलवण्याचा. त्यासाठी लागणाऱ्या यंत्राचे पेटंटही त्यांनी घेतले होते. जॉर्जने चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली आणि एका दुकानात कारकुनी धरली. पुढे तो वडिलांच्या धंद्यात आला. १८५३ मध्ये वडील वारले आणि घरची जबाबदारी त्याच्यावर पडली. त्या वेळी इरी कालव्याचे रुंदीकरण चालू होते. कालव्याच्या काठावरची घरे-गोदामे मागे सरकवण्याचे सरकारी कंत्राट त्याने घेतले आणि ते नीट पार पाडले.

तिथून तो गेला शिकागोला. शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या काठी, सखल आणि दलदलीच्या जमिनीवर वसलेले. सांडपाण्याला उतार मिळेना, रस्त्यांत चिखल आणि गावात रोगराई. शेवटी गटारे जमिनीच्या वर बांधून त्यावर भराव घालायचे आणि सगळ्या शहराची पातळीच उंच करायची असे ठरले. मग आधीपासून उभ्या असलेल्या इमारतींचे काय? त्या उचलायच्या!

हे काम करणाऱ्या कंत्राटदारांत पुलमन होता. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची सुमारे ३२० फूट लांबीची चार-पाच मजली इमारतींची एक सलग रांग त्याने आणि त्याच्या भागीदारांनी उचलली. पायाखाली सहा हजार स्क्रू-जॅक लावले होते आणि ते फिरवायला सहाशे माणसे होती. पाच दिवसांत ती रांग चार फूट आठ इंच वर आली. त्या काळात आतली दुकाने चालूच होती. दुसऱ्याच वर्षी ट्रिमाँट हाउस हे विटांचे मोठे हॉटेल, आतले पाहुणे तसेच ठेवून, उचलले गेले.

ज्यांनी डबा जॅकवर घेतला आहे त्यांना या कामातली मेख कळेल. सगळे जॅक एकाच वेळी आणि सारखेच फिरले पाहिजेत. एक कोपरा पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला की भिंतीला तडा गेलाच म्हणून समजा. हे तंत्र पुलमनला चांगले ठाऊक होते.

मेणबत्तीच्या उजेडातला डबा

झोपायचे डबे अमेरिकेत पुलमनच्या आधीही होते. पण ते म्हणजे फळ्यांचे तीन थर, अंगाखाली मळकी गादी आणि कोंदट हवा. कामानिमित्त पुलमनला अशा डब्यांतून रात्री काढाव्या लागल्या आणि यात सुधारणेला वाव आहे हे त्याने हेरले. १८५९ मध्ये शिकागो अँड ऑल्टन या रेल्वेकडून त्याने दोन जुने बसायचे डबे मिळवले आणि ब्लूमिंग्टनच्या कारखान्यात ते बदलून घेतले. वर-खाली बर्थ, उजेडाला मेणबत्त्या, उबेसाठी लाकडाची शेगडी. गादी-कांबळे होते, चादरी मात्र नव्हत्या. रात्रीचे भाडे पन्नास सेंट. प्रवाशांना बूट काढून बर्थवर चढायची सवय नव्हती, तेव्हा त्यांना तसे मुद्दाम सांगावे लागे.

त्यानंतर काही वर्षे तो कोलोरॅडोत, सोन्याच्या खाणींच्या मुलखात धंदा करून आला. हातात भांडवल आल्यावर १८६४ मध्ये त्याने नव्या डब्याचे काम काढले. त्याचे नाव ठेवले ‘पायोनियर’. त्या काळी झोपायचा साधा डबा चार-पाच हजार डॉलरना होत असे. ‘पायोनियर’ला लागले सुमारे वीस हजार. आत अक्रोडाच्या लाकडाचे काम, गालिचे, आरसे, दिवे. वरचा बर्थ बिजागऱ्यांवर बसवलेला, दिवसा तो छताकडे मिटून ठेवायचा आणि अंथरूण-पांघरूण त्यातच ठेवायचे. खाली समोरासमोरची दोन आसने ओढली की खालचा बर्थ तयार.

अडचण एकच होती. डबा नेहमीच्या डब्यापेक्षा अडीच फूट उंच आणि एक फूट रुंद झाला होता. म्हणजे आपल्या भाषेत ‘ओडीसी’! तो फलाटांना आणि पुलांना घासणार हे उघड होते. दुसरा कोणी असता तर त्याने डबा लहान केला असता. पुलमनचे म्हणणे असे की प्रवाशाला सुख हवे असेल तर रेल्वेनेच फलाट आणि पूल बदलावेत. १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या अंत्ययात्रेच्या गाडीला हा डबा जोडण्यासाठी फलाट कापले गेले, अशी कथा पुढे खूप सांगितली गेली. इतिहासकारांना तिला पुरेसा पुरावा मिळालेला नाही. पण रेल्वे कंपन्यांनी त्याच्या डब्यांसाठी हळूहळू वाट मोकळी करून दिली, हे खरे.

चाकांवरचे हॉटेल

१८६७ मध्ये पुलमन पॅलेस कार कंपनी स्थापन झाली. नावातच पॅलेस, म्हणजे राजवाडा. त्याच वर्षी त्याचे हॅरिएट सँगर हिच्याशी लग्न झाले. स्वयंपाकघरासह झोपायचा डबा त्याने त्याच वर्षी काढला, आणि १८६८ मध्ये निव्वळ जेवणाचा डबा. त्याला न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध खानावळीवरून ‘डेल्मोनिको’ हे नाव दिले. पुढे १८८७ मध्ये दोन डब्यांमधली बंदिस्त वाट, म्हणजे आपण ज्याला व्हेस्टिब्यूल म्हणतो ती, त्याच्या कारखान्यातून आली. त्यापूर्वी एका डब्यातून दुसऱ्यात जायचे तर उघड्यावरून, वारा आणि धूर खात जावे लागे.

त्याच्या धंद्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पुलमन आपले डबे सहसा रेल्वेला विकत नसे. रूळ, इंजिन, स्टेशन रेल्वेचे. डबा, अंथरूण आणि नोकर पुलमनचे. प्रवाशाने रेल्वेला पहिल्या वर्गाचे तिकीट द्यायचे आणि शिवाय बर्थचे दोन डॉलर किंवा असेच काही पुलमनला. म्हणजे रूळ टाकायचा खर्च नाही, कोळशाची चिंता नाही, आणि गिऱ्हाईक मात्र देशभरातले निवडक सधन लोक. जुन्या डब्यांपेक्षा याचे भाडे जास्त, म्हणून रेल्वेचे अधिकारी सुरुवातीला साशंक होते. पण लोक महागड्या डब्याकडेच वळले. श्रीमंत माणूस दोन पैसे जास्त द्यायला कुरकुरत नाही, दिलेल्या पैशाचे चीज झाले नाही तर कुरकुरतो, हे पुलमनने अचूक ओळखले होते.

परिणाम असा की १८६७ साली दहा लाख डॉलर भांडवल असलेली कंपनी १८९४ पर्यंत तीन कोटी साठ लाखांवर गेली आणि अमेरिकेतल्या सुमारे तीन चतुर्थांश रेल्वेमार्गांवर तिचे डबे धावू लागले. बेल्जियमचा जॉर्ज नागेलमाकर्स अमेरिकेत हे डबे पाहून गेला आणि त्याने युरोपात तसाच धंदा काढला. १८८३ मध्ये सुरू झालेली प्रख्यात ओरिएंट एक्सप्रेस ही त्याचीच. आपल्याकडची १९८२ ची पॅलेस ऑन व्हील्स आणि महाराष्ट्राची २००४ ची डेक्कन ओडिसी या गाड्या त्याच परंपरेतल्या म्हणायला हरकत नाही.

अंथरूण घालणारे हात

गालिचे आणि आरसे कोणीही बसवील. पण गिऱ्हाईकाला राजा असल्यासारखे वाटायचे तर हाकेला ओ देणारा माणूस हवा. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि लाखो कृष्णवर्णीय माणसे मोकळी झाली, पण त्यांना काम मिळणे कठीण होते. पुलमनने आपल्या डब्यांवर पोर्टर म्हणून हीच माणसे घेतली. त्यांनी बर्थ लावायचे, अंथरूण घालायचे, सामान उचलायचे, बुटांना पॉलिश करायचे आणि हाक येईल तेव्हा रात्री-अपरात्री उठायचे. पगार तुटपुंजा, त्यामुळे सारी भिस्त बक्षिशीवर. प्रवासी त्यांना खऱ्या नावाने हाक न मारता सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. मालकाचे नाव गुलामाला लावायची जुनी रीत होती, तीच इथे चालू राहिली.

याला दुसरी बाजूही आहे. त्या काळी कृष्णवर्णीय माणसाला इतकी नियमित नोकरी आणि देशभर फिरायची संधी दुसरीकडे क्वचितच मिळे. पोर्टरच्या पगारावर अनेकांनी मुलांना शिकवले. मात्र कंपनीने हे उपकारबुद्धीने केले असे म्हणता येत नाही. स्वस्तात आणि निमूटपणे काम करणारी माणसे तिला हवी होती.

पुलमन नावाचे गाव

१८८० मध्ये पुलमनने आयुष्यातली सर्वांत मोठी योजना हाती घेतली. शिकागोच्या दक्षिणेला कॅल्युमेट सरोवराजवळ कंपनीने सुमारे चार हजार एकर जमीन घेतली आणि तिथे डब्यांचा कारखाना व कामगारांसाठी संपूर्ण गाव बांधले. वास्तुरचनाकार होता सोलन बेमन. कारखान्याला शक्ती देण्यासाठी १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातले गाजलेले प्रचंड कॉर्लिस इंजिन आणले. विटांची पक्की घरे, घरात पाणी आणि गॅस, झाडांच्या रांगा, बाजार, वाचनालय, नाट्यगृह, चर्च, आणि मुलीच्या नावाने हॉटेल फ्लॉरेन्स. सांडपाणीसुद्धा वाया न घालवता पंपाने शेतावर नेलेले. शिकागोच्या झोपड्यांतून आलेल्या कामगाराला तो स्वर्गच वाटला असणार. १८९३ पर्यंत वस्ती बारा हजारांच्या घरात गेली. लांबलांबचे पाहुणे गाव बघायला येत.

पण हे गाव धर्मादाय नव्हते. त्यात गुंतवलेल्या पैशावर सहा टक्के परतावा मिळाला पाहिजे असा पुलमनचा हिशोब होता. घर विकत मिळत नसे, भाड्यानेच राहायचे, आणि दहा दिवसांच्या नोटिशीवर ते सोडावे लागे. वाचनालयाला वर्गणी. चर्चचे भाडे इतके की ती सुंदर वास्तू कित्येक वर्षे रिकामीच पडून होती. दारू मिळे ती फक्त हॉटेल फ्लॉरेन्समध्ये, आणि तिथे जायची कामगाराची ऐपत नव्हती. गावाचा कारभारी कंपनीचा, घरमालक कंपनी, नोकरी देणारीही कंपनीच.

आपल्यापैकी बरेच जण रेल्वे कॉलनीत राहतात. क्वार्टरचे भाडे आपल्याही पगारातून वळते होते, निवृत्त झालो की जागा सोडावी लागते, आणि गळक्या छताची तक्रार करून आपण थकतो. पण ते भाडे नियमाने ठरलेले असते आणि त्यातून सरकारला नफा कमवायचा नसतो. क्वार्टर हा नोकरीतला आधार आहे. पुलमनच्या गावात तोच आधार कामगाराच्या गळ्याशी आला.

१८९४ चा संप

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. डब्यांच्या मागण्या थांबल्या. पुलमनने बरीच माणसे कमी केली आणि उरलेल्यांची मजुरी सरासरी पंचवीस टक्के उतरवली. घरभाडे मात्र एका सेंटनेही कमी केले नाही. आसपासच्या तशाच घरांपेक्षा ते वीस ते पंचवीस टक्के जास्त होते. भाडे भागवल्यावर हातात काही सेंटच उरले, अशा साक्षी पुढे चौकशीत झाल्या. त्याच चौकशीतले आकडे बोलके आहेत. जुलै १८९३ ला संपलेल्या वर्षात कंपनीने मजुरीपोटी सुमारे ७२ लाख डॉलर दिले होते. पुढच्या वर्षी ते ४५ लाखांच्या आत आले. याच दोन वर्षांत भागधारकांचा लाभांश मात्र २५ लाख २० हजारांवरून २८ लाख ८० हजारांवर गेला.

कामगारांचे शिष्टमंडळ भेटून आले. त्यानंतर शिष्टमंडळातल्या तिघांना कामावरून कमी केले गेले आणि ११ मे १८९४ रोजी संप सुरू झाला. युजीन डेब्स यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकन रेल्वे युनियनने पाठिंबा दिला. लवादाची मागणी झाली. पुलमनने ती साफ फेटाळली. मग २६ जूनपासून युनियनने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार पुकारला. पुलमनचा डबा जोडलेली गाडी हाताळायची नाही, असा निर्णय झाला. सत्तावीस राज्यांत सुमारे अडीच लाख कामगार यात ओढले गेले. मात्र याच युनियनने कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले होते, त्यामुळे डब्यातले पोर्टर या लढ्याच्या बाहेरच राहिले.

टपालाच्या वाहतुकीला अडथळा येतो या कारणावरून न्यायालयाचा मनाई हुकूम आला आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सैन्य पाठवले. जाळपोळ झाली, गोळीबार झाला, तीसच्या आसपास माणसे मेली. डेब्स यांना तुरुंगवास झाला आणि संप मोडला. ऑगस्टमध्ये कारखाना उघडला तेव्हा युनियनमध्ये राहणार नाही असे लिहून देणाऱ्यांनाच कामावर घेतले गेले. सरकारने नेमलेल्या आयोगाने मात्र त्याच वर्षी आपल्या अहवालात कंपनीच्या धोरणावर कडक ताशेरे ओढले.

रुळांखालची कबर

पुलमन जिंकला, पण पूर्वीचा मान त्याला परत मिळाला नाही. १९ ऑक्टोबर १८९७ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय सहासष्ट. संतापलेले कामगार शव उकरून काढतील, अशी घरच्यांना भीती होती. म्हणून शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत रात्रीच्या वेळी दफन झाले. शवपेटी शिशाचे अस्तर लावलेली, भोवती काँक्रीट आणि वर बोल्टने एकमेकांना जोडलेले पोलादी रूळ. ज्या रुळांवर त्याने संपत्ती मिळवली तेच शेवटी त्याच्या रक्षणाला लागले.

मृत्युपत्रात त्याने गावातल्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची मोफत शाळा काढायला बारा लाख डॉलर ठेवले होते. ती शाळा १९१५ मध्ये सुरू झाली. स्वतःच्या दोन मुलग्यांना मात्र, ते जबाबदारीने वागत नाहीत म्हणून, वर्षाला फक्त तीन हजार डॉलर. माणूस एकरंगी नव्हता, हे यावरून दिसते. १८९८ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, डबे बांधणाऱ्या कंपनीला गाव चालवायचा अधिकार नाही असे ठरवून, घरे विकून टाकायचा हुकूम दिला.

पुलमननंतर कंपनीची सूत्रे आली रॉबर्ट लिंकन यांच्याकडे, म्हणजे गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांच्या चिरंजीवांकडे. पोर्टरांची स्थिती त्यांच्याही काळात बदलली नाही. ती बदलली पोर्टरांनी स्वतः. १९२५ मध्ये फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी आपली संघटना बांधली, बारा वर्षे चिवटपणे झगडले आणि १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. पगार वाढला, महिन्याचे कामाचे तास कमी झाले. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीशी केलेला हा पहिला करार. हेच रँडॉल्फ पुढे नागरी हक्कांच्या चळवळीतले एक प्रमुख नेते झाले.

विमाने आणि मोटारी आल्या, डबे रिकामे पडू लागले, आणि १९६८ च्या अखेरीस पुलमन कंपनीची झोपायच्या डब्यांची सेवा बंद झाली. पुलमन गाव २०१५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. तिथे मालकाचा इतिहास आहे, तसाच संपकऱ्यांचा आणि पोर्टरांचाही आहे.

पुलमनचे चरित्र वाचल्यावर मला सारखे ते सहा हजार जॅक आठवतात. श्रीमंत गिऱ्हाईकांसाठी धंदा करणे यात काही वाईट नाही. त्याच्या डब्यांमुळे रेल्वेत ज्या सुधारणा झाल्या, त्या पुढे तुमच्या-आमच्यापर्यंत पोचल्या. परंतु इमारत उचलताना चारही कोपरे सारखे उचलायची जी काळजी त्याने घेतली, ती माणसांच्या बाबतीत घेतली नाही. प्रवाशाचा आणि भागधारकाचा कोपरा वर गेला, कामगाराचा खाली राहिला, आणि तडा गेला.

उत्सव आटोपून आपण गावाकडे जायला निघू तेव्हा डब्यात बेडरोल देणारा पोरगा भेटेल. तो बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो, आणि त्याची रात्र आपल्या झोपेच्या हिशोबाने चालते. त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, एवढे तर आपल्याला सहज जमेल. बाकीचे जॅक फिरवायचे काम ज्यांच्या हाती आहे, त्यांना श्रीगजानन सुबुद्धी देवो!